'पिवळी डबी'चे लेखक

आगटे सर गेलेले नाहीत. वारज्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये ते ठणठणीत आहेत. सकाळी टेकडीवर जातात, संध्याकाळी कुठे ना कुठे भाषणाला जातात. तरीही मी त्यांच्याबद्दल 'असायचे', 'म्हणायचे' असंच लिहिणार आहे. जिवंत माणसाविषयी असं लिहू नये म्हणतात. पण माझ्यापुरते ते संपले त्याला आता काही वर्षं होतील, आणि अजूनही कुणी त्यांचं नाव काढलं की तोंडात नासलेल्या दुधाची चव येते.

नारायण पेठेतल्या एका लहानशा प्रकाशन संस्थेत मी मुद्रितं तपासत असे. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या. सरांच्या बहुतेक कादंबऱ्या माझ्या पेन्सिलीखालून गेल्या. ते मूळचे चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर रहस्यकथा लिहायला लागले आणि बघता बघता लोकप्रिय झाले. जुनं पुणं, एखादा खून, एखादं हरवलेलं चित्र, असा सगळा मामला. आमचे प्रकाशक दिलीपराव म्हणायचे, "सबनीसबाई, बाकीचे लेखक आपण छापतो. आगटे सर आपल्याला छापतात."

सर ऑफिसात आले की आधी खुर्ची पुसायचे. खिशात दोन रुमाल. एक स्वतःच्या तोंडासाठी, दुसरा जगासाठी. खुर्चीची पाठ, टेबलाची कड, दाराची मूठ, सगळं दुसऱ्या रुमालाने. चहा आला की कपाची कड उजेडाकडे धरून बघायची आणि पुसटसा डाग दिसला तरी "शी! ओंगळ!" म्हणून कप परत. 'ओंगळ' हा त्यांचा लाडका शब्द. मंडईतली भाजी ओंगळ, गणपतीतली गाणी ओंगळ, नव्या लेखकांची भाषा तर फारच ओंगळ. एकदा दिलीपरावांनी केळं खाऊन साल टेबलावरच ठेवली. सर बोलता बोलता थांबले आणि त्या सालीकडे नुसते बघत राहिले. शेवटी दिलीपराव मुकाट्याने उठून ती बाहेर टाकून आले. "माझ्या कादंबरीत रक्त असतं," सर म्हणायचे, "पण घाण नसते."

आणि माणूस गोड होता, हे न सांगता पुढे जाणं खोटेपणाचं होईल. आवाज असा, की चहा घेऊन आलेला माणूस ट्रे हातात धरून ऐकत उभा राहायचा. रंगांविषयी बोलायला लागले की आपण आजवर डोळे मिटून जगलो असं वाटायचं. लक्ष्मी रस्त्यावर एका बंद पडलेल्या दुकानाची पाटी होती, आम्ही सगळे रोज तिच्याखालून जायचो. सरांनी एकदा मला तिथे थांबवलं. "हा 'क्ष' बघा. याने शेपटी काढताना श्वास रोखून धरलाय. आणि इथे सोडला." मी बघितलं. खरंच, शेपटीच्या टोकाला रंग जरासा सैलावला होता. त्या दिवसापासून मी पाट्या वाचायच्या ऐवजी बघायला लागले. ते देणं त्यांचं आहे. नाकारता येत नाही.

माझे वडील शेवटच्या आजारात रुग्णालयात होते तेव्हा सर भेटायला आले. त्यांची आणि वडिलांची ओळखसुद्धा नव्हती. रुग्णालय ही तर त्यांच्या लेखी ओंगळपणाची परमावधी. पण आले, स्टूल पुसून बसले आणि संध्याकाळभर बसून राहिले. शाळेतल्या मुलांच्या गमती सांगून त्यांनी वडिलांना हसवलं. किती दिवसांनी हसले होते वडील. मी औषधं आणायला खाली गेले. परत आले तर वडील हलक्या आवाजात काहीतरी बोलत होते आणि सर त्यांचा हात हातात घेऊन ऐकत होते. मी दारातच थांबले. घरी जाऊन मी आईला सांगितलं, "देवमाणूस आहे गं."

वडील गेले. पुढच्या वर्षी सरांच्या नव्या कादंबरीची मुद्रितं माझ्या टेबलावर आली. तिच्यात एक म्हातारा इस्पितळात पडलेला होता. त्याला नळी लावलेली आणि त्या नळीची त्याला लाज वाटते. भेटायला आलेल्या माणसाला तो म्हणतो, "मला मरायची भीती नाही हो. मुलीसमोर मला पुसतात, त्याची वाटते."

मी पेन्सिल खाली ठेवली. हे वडील माझ्याशी कधी बोलले नव्हते. माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणूनच परक्या माणसाशी बोलले. आणि परक्या माणसाने ते छापायला दिलं. त्या वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक होती. मी ती सुधारली.

पुढच्या भेटीत मी सरांना विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. "ओळखलंत? किती खरं उतरलंय, नाही? अहो, असं वाक्य सुचत नाही. मिळावं लागतं."

मिळावं लागतं! जणू रस्त्यात पडलं होतं आणि त्यांनी वाकून उचललं. पण माणूस स्वतःची समजूत घालतो. म्हटलं, वडिलांचं एक वाक्य तरी राहिलं. लेखक असेच असतात. मी पुढचं पान उलटलं.

मग इंदूमावशी आल्या.

कसबा पेठेत एका मंडळाने सरांचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय, जुन्या पुण्यातल्या दुकानांच्या पाट्या आणि त्या रंगवणारे लोक. भाषण संपल्यावर काठी टेकत एक वृद्ध बाई पुढे आल्या. ताठ कणा, डोळ्यांवर जाड भिंगं. "माझे वडील पाट्या रंगवायचे," त्या म्हणाल्या. "नाटक कंपन्यांचे पडदे, सावकारांच्या तसबिरी. मंदीत सगळं बसलं." सरांनी झटकन त्यांना खुर्ची दिली. दिली म्हणजे ढकललीच. ती पुसायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही, हे मला आजही दिसतं.

इंदूमावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जुन्या एक्स्चेंजमध्ये फोन जोडून द्यायच्या. लग्न केलं नाही. बोलताना प्रत्येक शब्द वेगळा ठेवायच्या, ऐकणाऱ्याला पुन्हा विचारायला लागू नये असा. त्यांच्या जुन्या घराच्या जागी इमारत उभी राहिली होती, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या त्यांना मिळाल्या होत्या. सर म्हणाले, "सबनीसबाई, तुम्ही चला बरोबर. एकट्या बाईमाणसाच्या घरी जायचं, तुम्ही असलात की बरं दिसतं." म्हणून मी गेले, आणि म्हणून मी हे खात्रीने सांगू शकते की त्या काय बोलल्या आणि सरांनी काय ऐकलं.

मावशींचे वडील चित्रकार. एकोणीसशे तीसच्या दशकात मंदी आली तेव्हा नुकतं लग्न झालेलं. धान्याचे भाव कोसळले, पेठेतल्या व्यापाऱ्यांनी हात आखडले, घराघरातलं सोनं सराफाकडे जायला लागलं. अशा वेळी तसबीर कोण काढून घेणार? नाटक कंपन्या एकामागून एक बुडाल्या. वडिलांनी रंगवलेला राजवाड्याचा पडदा कुणीतरी फाडून भिजल्या धान्यावर झाकायला नेला, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं.

"आई दोन घरचा स्वयंपाक करायची," मावशी म्हणाल्या. "बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून. एकदा तिने बघितलं, ते हरताळाची डबी उघडून बसलेत. हरताळ म्हणजे—"

"पिवळा रंग. सोमलाच्या जातीचा. जहर," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता.

"हो. आईने डबी काढून घेतली. काही बोलली नाही, रडली नाही. देवांच्या पाठीमागे लपवली. मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, देवांच्या पाठीमागे का? तर म्हणाली, तुझे बाबा आंघोळ केल्याशिवाय देवांना हात लावत नाहीत. माणूस उठून आंघोळीला गेला, अंगावर पाणी पडलं, की तेवढ्यात मन फिरतं."

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"पाटीचं काम आलं की ती लागेल तेवढाच पिवळा काढून द्यायची," मावशी पुढे म्हणाल्या. "बाबांचं होईपर्यंत शेजारी बसून राहायची. कुंचला स्वतः धुवायची. अशी मंदी काढली तिने. मग माझा जन्म झाला. मी शाळेत जायला लागल्यावर बाबा तापाने गेले, पण तोवर होते. मला अक्षर त्यांनीच शिकवलं."

सरांनी खूप प्रश्न विचारले. आईच्या कपाळावर गोंदण होतं का, पिठलं कशात करायची, देवघर कुठल्या भिंतीला होतं. मावशी सगळं सांगत गेल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं. निघताना सर त्यांच्या पाया पडले. "मावशी, तुमच्या आईंवर लिहायला हवं," ते म्हणाले. मावशींनी डोळे पुसले.

सरांनी लिहिलं. 'पिवळी डबी'. मंदीच्या काळातला एक चित्रकार कसबा पेठेत आपल्या खोलीत मरून पडलेला सापडतो. विष कुणी घातलं याचा शोध. सावकारावर संशय, नाटक कंपनीच्या मालकावर संशय. आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की बायकोने घातलं. भागीरथीने. नवऱ्याच्या निरुद्योगीपणाला ती विटलेली असते. देवांच्या पाठीमागे लपवलेला हरताळ ती पिठल्यात कालवते, पिवळ्यात पिवळा, आणि जेवायला वाढून समोर बसून राहते. कपाळावर गोंदण असलेली भागीरथी.

मी हस्तलिखित वाचून संपवलं आणि सर ऑफिसात आले तेव्हा त्यांच्यासमोर ठेवलं. "सर, हे उलट आहे."

"काय उलट?"

"त्या बाईने नवऱ्याला वाचवलं. तुम्ही माझ्याशेजारी बसून ऐकलंत."

सर हसले. चिडले नाहीत, ते कधीच चिडत नसत. "सबनीसबाई, नवऱ्याला वाचवणारी बायको कुणी वाचत नाही. मारणारी वाचतात."

शब्दाशी खेळल्याचा त्यांना इतका आनंद झाला की दिलीपराव आत आल्यावर त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. दिलीपराव खो खो हसले. "मलपृष्ठावर घालू या का?" म्हणाले.

मी ते काम परत केलं. दिलीपरावांनी दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतलं. इंदूमावशींना मी फोन करून सांगितलं, मजकूर बरा नाही, तुम्ही आधी बघून घ्या. त्या म्हणाल्या, "सर सभ्य गृहस्थ आहेत. वाचल्याशिवाय मी कुणाविषयी बोलणार नाही." त्यांचा न्याय असा होता.

प्रकाशन समारंभाला सभागृह भरलं होतं. सर पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. कुणीतरी प्रेक्षकांतून विचारलं, "सर, यात कल्पित किती?" सरांनी माइक जवळ घेतला, थोडं थांबले. थांबणं त्यांना फार छान जमायचं. "त्या घरात बसून मी ही कहाणी ऐकलीय," ते म्हणाले. "त्या देवघरासमोर. आणखी काय सांगू? सत्य हे आहे." टाळ्यांचा कडकडाट.

काही दिवसांनी मावशींचा फोन आला. "वाचलं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने माझ्या बापाला मारलं असं कळलं. या वयात कळलं. तुम्ही सरांना घेऊन येता का?"

सर आले, हे त्यांचं धैर्य म्हणायचं की गेंड्याची कातडी, कोण जाणे. मावशींनी आवाज चढवला नाही. पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत एक ओळ घाला. असं घडलं नव्हतं, एवढीच."

"मावशी, ती तुमच्या आई नाहीतच," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "ती भागीरथी. निव्वळ कल्पित पात्र."

"भागीरथीच्या कपाळावर काय आहे?"

"गोंदण."

"डबी कुठे ठेवते ती?"

"देवांच्या पाठीमागे."

"मग ती माझी आई नाही, असं कसं?"

"हीच तर लेखनातली गंमत आहे, मावशी!"

मी म्हटलं, "सर, सभागृहात तुम्ही सत्य म्हणालात." त्यांनी माझ्याकडे बघितलं ते प्रेमाने. वर्गातल्या मंद मुलीकडे बघावं तसं. "तो समारंभ होता हो. समारंभात असंच बोलतात." आणि उठले. मावशींनी पुढे केलेलं सरबत तसंच राहिलं; परक्या घरी ते काही घेत नसत.

कादंबरी तुफान चालली. मग सरांनी नवं काहीतरी काढलं. दर रविवारी सकाळी कसबा पेठेतून फेरी. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक हिंजवडीच्या कंपन्यांमधली तरुण मुलं-मुली, सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट. सरांच्या कमरेला छोटा स्पीकर. या सराफाच्या पेढीवर चित्रकाराने बायकोच्या पाटल्या मोडल्या, या हौदावर पोलिसांनी चौकशी केली, आणि शेवटी मिसळ. पाटल्यांचं आणि पोलिसांचं अर्थातच सरांच्या डोक्यातलं. पण एक थांबा खरा होता. मावशींच्या इमारतीसमोर उभं राहून ते वर बोट दाखवत. "इमारत नवी आहे. पण जागा तीच. तिसऱ्या मजल्याच्या उंचीला धरून कल्पना करा."

तिसऱ्या मजल्यावर मावशींची तुळस होती. त्या पाणी घालायला आल्या की खालून मोबाइल वर व्हायचे. त्यांनी रविवारी बाल्कनीत येणं सोडलं. मग लोक इतर दिवशीही यायला लागले. एक जोडपं तर थेट दारात. "आजी, ते देवघर बघता येईल का? दोनच मिनिटं." त्या मुलीने बूटसुद्धा काढले नव्हते.

शेजाऱ्यांचं त्याहून वाईट. मावशी पिठलं फार छान करायच्या आणि केलं की समोरच्या घरी वाटी जायची. एकदा समोरच्या बाई वाटी घेता घेता हसून म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडचं पिठलं खायचं म्हणजे आता भीतीच वाटते बाई!" बाई वाईट नव्हत्या. गंमत केली त्यांनी. मावशींनी त्या दिवसापासून वाटी पाठवणं बंद केलं. मला हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्या भिंतीकडे बघत होत्या.

एका रविवारी मी त्यांच्याकडे होते. खालून सरांचा स्पीकरवरचा आवाज यायला लागला. मावशी उठल्या, पातळ नीट केलं, काठी घेतली. "चला," म्हणाल्या. मी त्यांना धरून लिफ्टने खाली आणलं. घोळक्याच्या मागे आम्ही उभ्या राहिलो. सर रंगात आले होते. भागीरथी ताट वाढत होती.

"एक प्रश्न आहे," मावशी म्हणाल्या. त्यांचा तो एक्स्चेंजमधला आवाज. सगळे वळले. "त्या बाईने डबी देवांच्या पाठीमागे का ठेवली?"

सरांनी त्यांना पाहिलं. क्षणभरच, अगदी क्षणभर, त्यांचे ओठ कोरडे पडल्यासारखे वाटले. मला वाटलं, आता. आता हा माणूस खाली बघेल.

त्यांनी दोन्ही हात पसरले. "मंडळी! आज आपलं भाग्य! ज्या घराण्याची ही कथा, त्या घराण्यातल्या इंदूमावशी! त्या चित्रकाराच्या सख्ख्या कन्या!"

टाळ्या. अक्षरशः टाळ्या. मोबाइल वर झाले. एक मुलगा मावशींच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायला लागला. "वॉव, लेजंड," कुणीतरी म्हणालं. मावशी त्या टाळ्यांमध्ये काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"टाळ्या थांबवा," त्या म्हणाल्या. थांबल्या. "माझ्या आईला खुनी म्हणता आणि मला टाळ्या देता? तिने डबी लपवली ती बाबांनी खाऊ नये म्हणून. आंघोळीला गेला माणूस की त्याचं मन फिरतं म्हणून. हे या सरांना मी सांगितलंय. माझ्या घरी बसून सांगितलंय."

पिवळ्या टी-शर्टातली एक मुलगी हळूच म्हणाली, "पण आजी, ते फिक्शन आहे ना?"

"असं कसं? सर तर मघाशी रिअल स्टोरी म्हणाले," दुसरा म्हणाला.

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर हसत होते. ते मघाचे कोरडे ओठ कुठे गेले कोण जाणे. "पाहिलंत?" ते स्पीकरमधून म्हणाले. "मुलगी आईच्या बाजूने बोलते. बोलणारच. माणुसकी आहे ती. आता साक्ष तुमच्यासमोर आहे. निकाल मी देत नाही, वाचकांवर सोडतो." आणि घड्याळाकडे बघून, "चला, मिसळ थंड होतेय."

माणसं हलली. ती मुलगी एकदा मागे वळून पाहत गेली. बाकीचे जाता जाता वाद घालत होते, म्हातारी खरं बोलतेय की आईला वाचवतेय. पैज लावल्यासारखे. गल्लीच्या टोकाला सरांचा पांढरा सदरा पिवळ्या घोळक्यात मिसळून गेला. मला किळस आली. सरांची नाही नुसती. त्या टाळ्यांची, त्या टी-शर्टांची, मिसळीच्या वासाची.

वर आल्यावर मावशी खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं.

"आम्ही फोन जोडून द्यायचो," त्या म्हणाल्या. "कानावर काय काय यायचं. कुणाचं लग्न मोडतंय, कुणी कुणाच्या पाया पडतंय, कुणाचं पोर गेलंय. अख्खं गाव माझ्या कानातून गेलं. मी एक शब्द कधी बाहेर काढला नाही. सख्ख्या बहिणीसारख्या मैत्रिणीला नाही." पाण्याचा घोट घेतला. "आणि हा माणूस शाळेत शिकवत होता म्हणे."

मी नोकरी सोडली. दिलीपरावांना कारण सांगितलं तर म्हणाले, "एवढं मनाला लावून घ्यायचं नाही हो, सबनीसबाई. पुस्तकं आहेत ती." मी घरून थोडीफार शाळेच्या पुस्तकांची कामं करते. भूगोल बरा असतो. नदी कुठून निघाली ते कुणी उलटं लिहीत नाही.

मावशींकडे मात्र जात राहिले. आम्ही कादंबरीविषयी बोलायचो नाही. त्या मला त्यांच्या आईच्या गोष्टी सांगायच्या. ती कशी हसायची, फोडणीत हिंग किती घालायची, मंदी सरल्यावर पहिली साडी घेतली तर कुठल्या रंगाची घेतली. "पिवळी नाही," मावशी म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. एक दिवस त्यांनी पिठलं केलं आणि मी आणि त्यांनी मिळून सगळं संपवलं, कढई पुसून. समोर पाठवण्याइतकं उरलंच नाही.

त्या वर्षीच्या थंडीत मावशी गेल्या. दुपारी पडल्या होत्या, उठल्या नाहीत. इमारतीच्या पार्किंगमध्ये शोकसभा ठेवली. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पांढरी चादर, त्यावर मावशींचा मोठा केलेला फोटो आणि निशिगंधाचा हार. टेलिफोन खात्यातल्या दोन-तीन वृद्ध मैत्रिणी आल्या होत्या, काठ्या खुर्च्यांना टेकवून बसल्या होत्या. समोरच्या बाई डोळ्यांना पदर लावून रडत होत्या आणि ते रडणं खरं होतं.

सर आले. त्यांना कुणी बोलावलं असेल असं मला वाटत नाही, पण ते आल्याबरोबर माणसं उठली, पुढची खुर्ची रिकामी झाली आणि बोलायची विनंती आधी त्यांनाच झाली. ते उभे राहिले. आवाज तोच, मऊ. "इंदूमावशींनी मला फार मोठं काही दिलं," ते म्हणाले. "त्यांनी मला त्यांची आई दिली." पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. टेलिफोन खात्यातली एक म्हातारी मैत्रीण माझ्याकडे वळून म्हणाली, "किती छान बोलतात, नाही? कोण आहेत हे?" मी म्हटलं, "कुणी नाही."

सभा संपली. लोक रांगेने फोटोला फुलं वाहून जिन्याकडे जायला लागले. सर रांगेत नव्हते. ते फोटोपासून थोडे लांब उभे राहून, मान एका बाजूला कलती करून, मावशींच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. चित्रकाराचे डोळे ते. खिशातून त्यांनी मोबाइल काढला.

"वहिनी," ते समोरच्या बाईंना हळूच म्हणाले, "हार जरा बाजूला धराल? कपाळावर सावली येतेय. नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठाला हाच चेहरा हवा. आईवर गेल्या असणार या."

बाईंना काय कळणार. मोठा माणूस मान देतोय असं वाटून त्यांनी दोन्ही हातांनी हार उचलून धरला. मी टेबलापर्यंत गेले आणि हार त्यांच्या हातातून घेऊन खाली सोडला. पण तोवर सरांचं काम झालं होतं. सर स्क्रीनवर दोन बोटांनी मावशींचं कपाळ मोठं करून बघत होते. मनासारखं आलं असावं. मोबाइल खिशात गेला, आणि मग त्यांनी फोटोला नमस्कार केला.